कातड्यावरची चिठ्ठी

व्याघ्रचर्म पांघरून शेतात शिरलेल्या गाढवाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी वाचली आहे. धोब्याने आपल्या गाढवावर वाघाचे कातडे घातले, राखणदार भिऊन पळाले, गाढव यथेच्छ पीक खाऊ लागले, आणि शेवटी ते ओरडले तेव्हा त्याचे खरे स्वरूप उघड झाले. गोष्ट सांगणारे गुरुजी गाढवाच्या मूर्खपणावर बोट ठेवून पुढच्या धड्याकडे वळतात. प्रस्तुत लेखकास मात्र असे वाटत आले आहे की, ह्या गोष्टीत खरोखर विचार करण्याजोगा मनुष्य तो धोबी होय. कातडे त्याने मिळवले, घातलेही त्यानेच. मार मात्र गाढवाने खाल्ला. शिवाय ते गाढव निदान ओरडले तरी. बाजारात टांगलेले कातडे ओरडत नाही. ते ज्या प्राण्याचे होते तो कधीच मरून गेलेला असतो, आणि दुकानदार जे नाव सांगेल ते त्या कातड्याला मुकाट्याने धारण करावे लागते.

थंड देशांत केसाळ कातड्याची वस्त्रे वापरण्याची चाल फार जुनी आहे. ह्या कातड्यास आपणही इंग्रजी शब्द तसाच घेऊन ‘फर’ म्हणतो. आपल्या उष्ण प्रांतात त्याचे काम पडत नाही, म्हणून ह्या धंद्याची कसबे आपल्याला अपरिचित राहिली. कातडे कमावणारा कारागीर त्यावरचे लांब राठ केस उपटून काढतो, उरलेला मऊ केस एका उंचीला कातरतो, मूळचा रंग उडवतो आणि हवा तो रंग चढवतो. इतके झाल्यावर ससा कोणता आणि सील कोणता हे सामान्य गिऱ्हाइकास नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणे दुरापास्त होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी ह्या कसबाला साजेशी नावेही शोधून काढली होती. ‘हडसन सील’ म्हटले की उत्तरेकडील हिमसमुद्र आणि त्यात पोहणारा सील डोळ्यांपुढे उभा राहावा. प्रत्यक्षात तो माल मस्करॅट नावाच्या, पाणथळीत राहणाऱ्या, घुशीच्या जातकुळीत शोभेल अशा एका प्राण्याचा असे. केस कातरून त्याला काळा रंग दिलेला असे. ‘फ्रेंच सील’ म्हणजे ससा. ‘बीव्हरेट’ म्हणजेही ससाच, फक्त बीव्हरच्या रंगात बुडवलेला. ‘मारमिंक’ ह्या नावात मिंक शेपटासारखा मागे जोडलेला होता, पण अंगात प्राणी मार्मॉट होता. ज्याला थोडी लाज वाटे तो व्यापारी सशाला ‘लॅपिन’ म्हणे. लॅपिन म्हणजे फ्रेंच भाषेत ससा, म्हणजे ते खोटे नव्हते. पण ज्या गिऱ्हाइकास फ्रेंच येत नव्हते त्याच्या दृष्टीने ते खरेही नव्हते.

ह्या नामकरणविधीला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. त्यावर ८ ऑगस्ट १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांची सही झाली आणि तयारीसाठी व्यापाऱ्यांना एक वर्ष देऊन ऑगस्ट १९५२ पासून तो अमलात आला. फरच्या वस्तूंवर चिठ्ठी लावण्याविषयीचा हा कायदा असून त्याची अंमलबजावणी फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी मंडळाकडे आहे. आजच्या लेखाचा विषय तोच आहे. दूरदेशीच्या, आपण कधी न वापरलेल्या वस्तूच्या कायद्याविषयी आमच्या शाळेच्या वार्षिकांत कशाला लिहावे, अशी शंका कोणी घेईल. परंतु चिठ्ठीचा प्रश्न कातड्यापुरता मर्यादित नाही. दुकानातून वस्तू घेताना ती काय आहे हे कोणाच्या शब्दावर मानावयाचे, आणि तो शब्द पुढे खोटा ठरल्यास त्याचा माग कसा काढावयाचा, हा प्रश्न सराफकट्ट्यावर उभ्या असलेल्या आपल्या आईबापांनाही पडतच असतो.

कायद्याने चिठ्ठीवर काय मागितले ते पाहू. पहिली गोष्ट प्राण्याचे नाव. ते व्यापाऱ्याने ठेवलेले चालत नाही. कमिशनने प्राणिशास्त्राच्या जाणकार सरकारी खात्यांच्या साहाय्याने नावांची एक यादी तयार केली. प्राण्याचे शास्त्रीय नाव एका बाजूस आणि बाजारात वापरावयाचे इंग्रजी नाव दुसऱ्या बाजूस. त्या यादीतील नावच चिठ्ठीवर छापले पाहिजे. अशा रीतीने ‘हडसन सील’ एका फटक्यासरशी मस्करॅट झाला. दुसरी गोष्ट, कातडे रंगवलेले आहे, रंग उडवलेले आहे की नैसर्गिक आहे. तिसरी, ते पूर्वी वापरलेले आहे काय. चौथी मला विशेष वाटते. वस्त्र जर सर्वस्वी किंवा बऱ्याच अंशी पंजे, शेपट्या, पोटाकडील भाग अथवा कातरकाम करताना उरलेले तुकडे ह्यांचे जोडून केले असेल तर तेही स्पष्ट लिहावे लागते. आणि ‘बऱ्याच अंशी’ म्हणजे पृष्ठभागाचा दहावा हिस्सा किंवा अधिक, अशी व्याख्याही नियमांतच करून ठेवली आहे. ह्याशिवाय बाहेरदेशचा माल असल्यास मूळ देशाचे नाव, आणि माल करणाऱ्याचे, आणणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे नाव अथवा सरकारदरबारी नोंदलेला क्रमांक. एकेकाळी चिठ्ठीची लांबीरुंदीदेखील ठरवून दिलेली होती, पावणेदोन इंच बाय पावणेतीन इंच. २०१४ साली नियमांची उजळणी झाली तेव्हा ही अट काढून टाकण्यात आली, आणि त्यात फारसे काही बिघडले नाही.

जे चिठ्ठीवर तेच जाहिरातीत आणि तेच बीजकावर आले पाहिजे, असेही कायदा म्हणतो. एवढे वाचून पुष्कळांना वाटेल की काम झाले. मला वाटते, खरे काम येथून पुढे आहे.

चिठ्ठी हा कागदाचा वा कापडाचा तुकडा आहे. छापखाना कोणाचेही नाव छापून देतो. चिठ्ठीत सत्य भरण्याचे सामर्थ्य चिठ्ठीत नाही. ते तिच्या मागे असलेल्या वहीत आहे. ह्या कायद्याचे शहाणपण मला दिसते ते येथे. फरचा माल करणाऱ्या वा त्याचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने, चिठ्ठीवर जी माहिती आहे तिला आधार देणारे दप्तर ठेवावयाचे आणि ते निदान तीन वर्षे जपावयाचे. प्रत्येक वस्त्राला एक क्रमांक अथवा खूण द्यावयाची. ती खूण चिठ्ठीवर असते, बीजकावर असते आणि वहीतही असते. तपासनीस दुकानात आला, खुंटीवरचा कोट त्याने हाती घेतला, त्यावरचा क्रमांक वाचला, की त्याला वहीत तोच क्रमांक सापडला पाहिजे, आणि तेथून हा माल कोणाकडून, कोणत्या बीजकाने, कोणत्या नावाने आला येथवर त्याला जाता आले पाहिजे. दप्तर न ठेवणे हाच कायद्याने गुन्हा आहे. कातडे खरे निघाले म्हणून वहीची माफी नाही.

दुकानदाराला जुनी चिठ्ठी काढून आपली लावावयाची असेल तर ती मुभा आहे, पण मूळ चिठ्ठीवर काय होते ह्याची नोंद त्याने ठेवली पाहिजे, आणि तीही तीन वर्षे. गिऱ्हाइकाच्या हाती माल पडण्यापूर्वी चिठ्ठी काढून टाकणे वा खराब करणे हा गुन्हा. ‘पूर्वी इतकी किंमत होती, आता इतकीच’ अशी जाहिरात करावयाची असेल तर ती पूर्वीची किंमत खरोखर होती हे दाखवणारे कागद जवळ पाहिजेत. शेवटच्या नियमाची आठवण मला दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील वर्तमानपत्रे उघडताना हटकून होते.

बीजकाच्या बाबतीत एक खटला प्रसिद्ध आहे. शिकागो येथील मँडेल ब्रदर्स ह्या मोठ्या दुकानावर फरच्या चिठ्ठ्या, जाहिराती आणि बीजके ह्यांत कसूर केल्याचा ठपका कमिशनने ठेवला. तेव्हा एक प्रश्न असा निघाला की, किरकोळ गिऱ्हाइकास गल्ल्यावर फाडून देतात ती पावती, ती ‘बीजक’ म्हणावी काय? बीजक हे व्यापारी व्यापाऱ्याला देतो, असा सामान्य समज. खालच्या अपील कोर्टाने तो समज मान्य केला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि ती लहानशी पावतीही बीजकच होय असा निकाल दिला. ह्याचा अर्थ असा की, प्राण्याचे खरे नाव त्या पावतीवरही आले पाहिजे. मला हा निकाल फार योग्य वाटतो. घाऊक व्यापाऱ्याला मालाची पारख असते. त्याला कागद नसता तरी तो फारसा फसला नसता. ज्याला पारख नाही त्याच्या हाती जो एकुलता एक कागद पडतो तोच कायद्याच्या बाहेर ठेवणे म्हणजे पावसात छत्री धडधाकटाला देऊन आजाऱ्याला भिजत ठेवण्यासारखे झाले असते.

आपल्याकडे ह्याच धर्तीची गोष्ट अलीकडे सोन्याच्या दागिन्यांत झाली. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एक स्वतंत्र क्रमांक उमटवू लागले, आणि १ एप्रिल २०२३ नंतर त्यावाचून हॉलमार्कचा दागिना विकता येईनासा झाला. त्या वेळी अनेक सराफांनी तक्रार केली की, एवढाल्या बारीक नथीवर क्रमांक कोण वाचणार? क्रमांक वाचण्यासाठी नसतोच. तो दागिन्याला कोठल्या तरी वहीतील एका ओळीशी बांधून ठेवण्यासाठी असतो. पूर्वी सोनाराच्या पेढीवर गेलेला मनुष्य सोनाराच्या तोंडाकडे पाही, आता तो अंकाकडे पाहतो. तोंडाला अंकाइतकी स्मरणशक्ती नसते.

धंदेवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, लहान दुकानदाराला एवढा कारभार झेपत नाही. मोठ्या पेढीला कारकून ठेवता येतात, एकट्या दुकटत्या मनुष्याने कोट विकावे की वह्या भराव्या? ह्या तक्रारीत काही तथ्य आहे आणि कायद्याने त्याची दखलही घेतली आहे. माल पुरवणाऱ्याने ‘हा माल कायद्याप्रमाणे बरोबर चिठ्ठीचा आहे’ असे हमीपत्र लिहून दिले, आणि दुकानदाराने त्यावर सद्भावाने विश्वास ठेवला, तर पुढे दोष निघाल्यास दुकानदार त्यातून सुटतो. जबाबदारी हमी देणाऱ्यावर जाते. तसेच जो मनुष्य स्वतः सापळा लावून वा शिकार करून मिळवलेले कातडे आपल्या घरी अथवा हस्तकौशल्याच्या जत्रेत समोरासमोर विकतो आणि ज्याच्या चरितार्थाचे ते मुख्य साधन नाही, त्याला २०१० च्या दुरुस्तीने वगळले आहे. ही सूट मला वाजवी वाटते, कारण तेथे विकणारा स्वतःच चिठ्ठी असतो. बाकीच्यांविषयी एवढेच म्हणता येईल की, जो व्यापारी कोणाकडून काय आणले हे लिहून ठेवीत नाही तो कर भरताना तरी काय करतो? कीर्द-खतावणी तो ठेवतोच. तीत ‘कोट, एक’ असे न लिहिता ‘कोट, रंगवलेला ससा, एक, क्रमांक अमुक’ असे लिहिण्यास शाईचे चार थेंब अधिक लागतील.

आता कायद्याच्या उणिवांकडे वळू. पहिली उणीव जवळजवळ साठ वर्षे टिकली. ज्या वस्त्रात फरची किंमत थोडी असे त्याला चिठ्ठीतून सूट होती. शेवटी शेवटी ही मर्यादा १५० डॉलर होती. दिसण्यात सूट निरुपद्रवी. परंतु काळ बदलला. आख्खा फरचा कोट घालणारे कमी झाले आणि टोपीच्या कडेला, गळपट्टीला, बाहीच्या टोकाला फरची झालर लावलेली जाकिटे गल्लोगल्ली दिसू लागली. झालरीला कातडे थोडे लागते, किंमत मर्यादेच्या आत बसते, आणि मग ते कोणत्या प्राण्याचे हे सांगण्याचे बंधन कोणावर राहत नाही. अंधार कोठे आहे हे माहीत असले की माल तिकडेच जाऊ लागतो. १९९८ साली अमेरिकेत विकलेल्या काही कोटांच्या झालरी कुत्र्याच्या कातड्याच्या असल्याचे प्राणिरक्षकांच्या तपासात उघडकीस आले तेव्हा मोठा गहजब झाला, आणि २००० साली कुत्र्यामांजरांच्या फरची आयात, निर्यात व विक्री बंद करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी ती १५० डॉलरांची खिडकी उघडीच राहिली. ती बंद झाली डिसेंबर २०१० मध्ये, राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या सहीने. आता झालर बोटभर असली तरी नाव सांगावे लागते. एवढी साधी दुरुस्ती करण्यास इतका काळ लागावा ह्याचे मला आश्चर्य वाटते. पण थोड्या नफ्याच्या अनेक वस्तू विकणारे लोक एका जागी जमले म्हणजे त्यांचा आवाज केवढा होतो हे पाहिले की आश्चर्य ओसरते.

दुसरी गोष्ट उणीव म्हणावी की काळाचा विनोद म्हणावा हे मला ठरवता येत नाही. १९५१ च्या लोकांना भीती होती की हलके कातडे भारी म्हणून खपवतील. आज उलटा प्रकार दिसतो. प्राण्यांविषयीच्या दयेने किंवा निदान लोकलज्जेने पुष्कळ लोक खरे फर नको, कृत्रिम द्या, असे म्हणतात. आणि त्यांना कृत्रिम म्हणून खरे कातडे विकले जाते! कारण असे की काही प्राण्यांचे कातडे चांगल्या प्रतीच्या कृत्रिम फरहून स्वस्त पडते. २०१३ साली फेडरल ट्रेड कमिशनने नायमन मार्कस ह्या प्रख्यात दुकानासह तीन विक्रेत्यांविरुद्धच्या तक्रारींत तडजोड केली. खऱ्या फरचा माल ‘कृत्रिम’ म्हणून विकावयास मांडल्याचा त्यांवर आरोप होता, आणि असा प्रकार पुढे २० वर्षे न करण्याचे बंधन त्यांनी मान्य केले. जो ससा एकदा सील होऊन आला होता तो आता प्लास्टिक होऊन आला.

ह्याचा एक लहानसा अनुभव आमच्या शाळेतही आला. एका विद्यार्थ्याच्या मामांनी परदेशातून त्याला जाकीट पाठवले होते. चिठ्ठीवर सर्व पॉलिएस्टर असल्याचे लिहिले होते. झालरीविषयी वेगळे काही नव्हते. मुलांनी विचारले, गुरुजी, हे खरे आहे का? आम्ही ते विज्ञानाच्या खोलीत नेले. झालरीचे केस बोटांनी दुभंगून मुळाशी पाहिले, तर खाली विणलेले कापड नव्हते, कातडे होते. केसांची टोके सुईप्रमाणे निमुळती होती. कृत्रिम धाग्याची टोके बहुधा तोडल्यासारखी बोथट असतात. शेवटी दोनचार केस उपटून चिमट्याने ज्योतीवर धरले. प्लास्टिक असते तर वितळून त्याची कडक गुठळी झाली असती. झाले ते असे की, न्हाव्याच्या दुकानात केस जळावे तसा वास खोलीभर पसरला आणि मागच्या बाकावरच्यांनीही नाके दाबली. प्राणी होता एवढे कळले. कोणता, हे कळले नाही. चिठ्ठीवर एक क्रमांक होता खरा, पण तो कोणत्या वहीतला, ती वही कोणत्या गावी, कोण ठेवतो, हे सांगणारे काहीच नव्हते. मुलाने ते जाकीट घालावे की नाही ह्यावर वर्गात दोन तट पडले. त्याच्या आईने झालर उसवून काढली आणि जाकीट ठेवले.

तिसरी उणीव नावाची आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे. सरकारी यादीतले नाव वापरा म्हटल्यावर, ते सरकारी नावच गोंधळात टाकणारे असेल तर काय करावे? पूर्व आशियात एक प्राणी आहे. श्वानकुळातला, पण चेहऱ्यावर रॅकूनसारखे काळे पट्टे असलेला. इंग्रजीत त्याला सामान्यतः ‘रॅकून डॉग’ म्हणतात. त्याचे फर चीनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि त्या झालरींमधून जगभर जाते. अमेरिकेच्या यादीत त्याचे नाव आहे ‘एशियाटिक रॅकून’. रॅकूनशी त्याचे कुळाचे नाते नाही. प्राणिरक्षक म्हणाले, ‘रॅकून डॉग’ लिहा; फरचे व्यापारी म्हणाले, ‘फिनरॅकून’ लिहा. उघड आहे की एका पक्षाला त्या नावातला कुत्रा हवा होता आणि दुसऱ्याला तो मुळीच नको होता. २०१४ साली कमिशनने दोघांचेही न ऐकता जुनेच नाव कायम ठेवले. त्यामागे सवयीचे नाव बदलले तर गोंधळ होईल असा काही विचार असेलही. परंतु जो कायदा ‘हडसन सील’ला मस्करॅट म्हणावयास लावण्यासाठी जन्मला त्याने साठ वर्षांनी श्वानकुळातल्या प्राण्याला रॅकून म्हणावे, हे मला पटत नाही. ह्यावर उपाय यादीतच आहे. तिच्या एका रकान्यात प्राण्याचे शास्त्रीय नाव दिलेलेच असते. ते नाव चिठ्ठीवरही छापा. सामान्य मनुष्याला लॅटिन कळणार नाही हे खरे. पण ज्याला शोध घ्यावयाचा आहे त्याला ते नाव हाती धरून दारापर्यंत नेईल, आणि ते बदलण्यासाठी कोणी व्यापारी मंडळ अर्ज करू शकणार नाही.

युरोपीय संघाचा प्रकार तर ह्याहून मोघम आहे. तेथे २०१२ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे, कापडी वस्त्रात प्राण्यापासून आलेला भाग असल्यास ‘प्राणिज, कापडाव्यतिरिक्त भाग समाविष्ट’ अशा अर्थाचे एक ठराविक वाक्य लिहावे लागते. कोल्ह्याची झालर असो, चामड्याचा बिल्ला असो की शिंगाची गुंडी असो, वाक्य तेच. प्राण्याचे नाव नाही, रंगाविषयी शब्द नाही. पुन्हा हा नियम कापडी वस्त्रांपुरता. जोडे आणि पिशव्या त्याच्या बाहेर. इतके सांगणे म्हणजे ‘ह्या गावात कोणीतरी राहते’ असे पत्रावर लिहून पत्र टपालात टाकण्यासारखे आहे.

येथे दयाळू वाचक विचारतील की, हा सगळा खटाटोप कशासाठी? प्राण्याला मारून त्यावर खरे नाव लिहिले म्हणून त्याला काय मिळाले? फरचा धंदाच बंद करा. ही मागणी आज अनेक ठिकाणी कायद्यात उतरली आहे. ब्रिटनने २००० सालीच फरसाठी प्राणी पाळण्यास बंदी केली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा करून १ जानेवारी २०२३ पासून नव्या फरची विक्री थांबवली. इस्राएलने २०२१ साली काही अपवाद ठेवून बंदी आणली. आपल्या देशानेही जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला ह्यांच्या फरच्या तसेच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांच्या आयातीस मनाई केली. पिंजऱ्यात जन्मून पिंजऱ्यातच कातड्यासाठी मरणाऱ्या प्राण्याची स्थिती ज्याने वाचली आहे त्याला ह्या बंदीचे दुःख होणार नाही; मलाही होत नाही.

परंतु बंदी आली म्हणजे चिठ्ठीची गरज संपली, हा तर्क मला उलटा वाटतो. कॅलिफोर्नियाचेच पाहा. तेथे जुने वापरलेले फर, धार्मिक उपयोगाचे फर आणि आदिवासी जमातींच्या परंपरेसाठी लागणारे फर ह्यांना सूट आहे. मग दुकानातला कोट जुना आहे की नवा, हे ठरवणार कसे? म्हणून त्या बंदीच्या कायद्यातच अशा विक्रीची नोंद निदान एक वर्ष जपून ठेवण्याचे कलम घालावे लागले. कृत्रिम म्हणून खरे कातडे विकले जाते त्या जगात तर बंदी मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चिठ्ठीवर ‘कृत्रिम’ असे छापणे. बंदीच्या राज्यात जकातीच्या तपासनिसाच्या हाती शेवटी काय असते? एक कोट, एक चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी ज्या वहीतून आली असे सांगतात ती वही.

ह्या बाबतीत स्वित्झर्लंडने केलेली गोष्ट मला सर्वांत पुढची वाटते. तेथे २०१३ सालच्या नियमाप्रमाणे फरच्या वस्तूवर प्राण्याचे नेहमीचे नाव आणि शास्त्रीय नाव, तो कोठला, आणि तो कसा मिळवला हे लिहावे लागू लागले: सापळ्याने धरला, सापळ्यावाचून शिकार केली, कळपात पाळला की जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात वाढवला. अमेरिकेच्या चिठ्ठीने पंजे आणि शेपट्या मोजल्या, पण प्राणी जगला कसा हे कधी विचारले नव्हते. नियम झाला तरी सर्व दुकानदार सुधारले असे नाही; पुढे जेथे जेथे सरकारी तपासणी झाली तेथे पुष्कळ दुकानांत चुकीच्या वा अपुऱ्या चिठ्ठ्या सापडल्या. तरी त्या शब्दांनी एक काम केले. दरवर्षी त्या तपासण्यांतून काय सापडते ह्याची चर्चा होत राहिली आणि १ जुलै २०२५ पासून क्रूर रीतीने मिळवलेल्या फरच्या आयातीस तेथे मनाई झाली. आता तेथे फर आणू पाहणाऱ्याला तो प्राणी कोठे आणि कसा वाढला, कसा मेला, हे कागदांवरून सिद्ध करावे लागेल, आणि ते कागद त्याच्याजवळ नसतील तर त्याची पेटी सरहद्दीवरून आत जाणार नाही.